ठळक आकडा बायकोच्या रिपोर्टात, धोका नवऱ्याला

प्रश्न : आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ राहतो. आमचे हे ४९ वर्षांचे, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल करणारे) आहेत. सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. तंबाखू खातात. सासरे ५१व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. मी ४४ वर्षांची. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू-मशेरी नाही, माहेरी कुणाला हृदयाचा त्रास नाही. फक्त वर्षभरात पाच किलो वजन वाढलंय आणि सारखा थकवा असतो. गेल्या महिन्यात दोघांनी कोलेस्टेरॉल तपासलं. माझं एकूण २२८, ट्रायग्लिसराइड ११०, एचडीएल ५४, एलडीएल १५२. ह्यांचं एकूण २१४, ट्रायग्लिसराइड २९०, एचडीएल ३४, एलडीएल १२२. माझा एलडीएल ठळक अक्षरांत आला, ह्यांचा नाही, कारण लॅबच्या रकान्यात १३०पर्यंत नॉर्मल लिहिलंय. त्या दिवसापासून मी शेंगाचटणी, तूप, अंडी सगळं बंद केलं. डॉक्टरांनी ह्यांना कोलेस्टेरॉलची गोळी, रोसुव्हास्टॅटिन १०, दिली होती, ती वीस दिवस घेऊन पाय दुखतात म्हणून सोडली. म्हणतात, एलडीएल नॉर्मल आहे, ईसीजी नॉर्मल आहे, ट्रायग्लिसराइड वाढलं ते आदल्या रात्री लग्नात जेवलो म्हणून. मी गोळी सुरू करू का? धाकटे दीर म्हणतात, ही गोळी एकदा लागली की सुटत नाही.

उत्तर : ताई, तुमच्या घरात गोळीची गरज आज तुम्हाला नाही, तुमच्या यजमानांना आहे. आणि त्यांनीच ती सोडली आहे. म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहितो, तुमच्याकडे नंतर येतो.

लॅबच्या रिपोर्टात उजवीकडे जो ‘नॉर्मल’चा रकाना असतो तो सगळ्यांना सारखाच छापलेला असतो. पंचविशीतल्या खेळाडूला तोच आणि सहा वर्षं शुगर असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या, वडील ५१व्या वर्षी गेलेल्या माणसालाही तोच. रक्त तपासणाऱ्या मशीनला यातलं काहीच माहीत नसतं. ते फक्त आकडा रकान्याबाहेर गेला का एवढं बघतं आणि अक्षर ठळक करतं. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, किती असावा हे माणसाच्या एकूण धोक्यावर ठरतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी किंवा मध्यम धोक्याच्या माणसाचा एलडीएल १००च्या खाली हवा, जास्त धोक्याच्या माणसाचा ७०च्या खाली आणि अति धोक्याच्या माणसाचा ५५च्या खाली. (हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तुमच्या रिपोर्टात आहेत तसेच.) यजमान ‘जास्त धोका’ या गटात तर नक्की बसतात. त्यांच्या लघवीतून प्रोटीन जात असेल किंवा डोळ्याच्या पडद्यावर शुगरचा परिणाम झाला असेल तर डॉक्टर त्यांना आणखी वरच्या गटात धरतील. म्हणजे त्यांना नॉर्मल वाटणारा १२२ हा आकडा त्यांच्यासाठी हवा त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट आहे.

शिवाय त्यांचा १२२ हा दिसतो तेवढा साधा १२२ नाही. हे जरा नीट समजून घ्या, कारण शुगर असलेल्या हजारो घरांत हीच चूक होते.

कोलेस्टेरॉल तेलकट असतं, रक्तात ते सुटं वाहू शकत नाही. ते बारीक कणांत भरून नेलं जातं. कारखान्यातून चादरींचे गठ्ठे टेम्पोत भरून निघतात तसं समजा. रिपोर्टातला एलडीएल म्हणजे सगळ्या टेम्पोंत मिळून किती माल आहे त्याचं वजन. रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसून तिथं अडकतात ते मात्र टेम्पो. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, वाढलेलं असतं तेव्हा हे एलडीएलचे कण लहान होतात, प्रत्येकात माल कमी बसतो. मग तेवढाच माल न्यायला टेम्पो जास्त लागतात. म्हणून तुमच्या यजमानांचं मालाचं वजन तुमच्यापेक्षा कमी असूनही त्यांच्या रक्तात भिंतीवर आदळणारे कण कमी असतील असं समजू नका.

यावर साधा उपाय रिपोर्टातच आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वजा करा. येतो तो नॉन-एचडीएल. भिंतीत अडकू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल त्यात येतं, एलडीएलमधलंही आणि ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांमधलंही. यजमानांचा २१४ वजा ३४, म्हणजे १८०. तुमचा २२८ वजा ५४, म्हणजे १७४. पाहा, तुमच्यापेक्षा त्यांचाच जास्त निघाला. आणि दोघांची मर्यादा वेगळी आहे : त्यांचा १००च्या खाली हवा, तुमचा १३०च्या खाली. शुगर असलेल्या आणि ट्रायग्लिसराइड १५०च्या वर असलेल्या माणसानं एलडीएलपेक्षा हा आकडा धरून चालावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो काढायला उपाशी पोटी रक्त द्यायचीही गरज नसते.

आणखी एक गोष्ट. बहुतेक लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबानं काढतात : एकूणमधून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. तुम्हीच करून बघा. २१४ वजा ३४ वजा ५८ (२९०चा पाचवा भाग), उरले १२२. तुमचं २२८ वजा ५४ वजा २२, उरले १५२. ट्रायग्लिसराइड जसं चढत जातं तसा हा हिशेब एलडीएल कमी दाखवू लागतो आणि ४००च्या पुढे तर तो वापरायचाच नसतो. अशा वेळी लॅबला ‘डायरेक्ट एलडीएल’ करायला सांगावं.

आता लग्नातल्या जेवणाचं. रात्री उशिरा गोडाधोडाचं जेवण झालं, सकाळी लवकर रक्त दिलं, तर ट्रायग्लिसराइड चढलेलं दिसू शकतं हे खरं. एलडीएल आणि एचडीएलवर मात्र एका जेवणाचा फारसा फरक पडत नाही. आणि यजमानांचा एचडीएल ३४ आहे. पुरुषांत तो ४०च्या खाली गेला की कमी समजतात. ट्रायग्लिसराइड महिनोन्‌महिने वर राहतं तेव्हा एचडीएल खाली जातो, ही जोडी शुगरच्या माणसात नेहमी दिसते. एका रात्रीत एचडीएल ३४वर येत नाही. त्यामुळे २९०मधले काही आकडे त्या जेवणाचे असतील, पण सगळा दोष त्या पंगतीवर टाकता येणार नाही.

तरी शंका राहू नये म्हणून तपासणी पुन्हा करा, पण नीट करा. आधीचे दोन आठवडे रोजचंच जेवण ठेवा, मुद्दाम उपास नको आणि समारंभही नको. तीन दिवस दारू नको. रात्री आठला जेवून सकाळी सात-आठला रक्त द्या, म्हणजे अकरा-बारा तास होतात; मध्ये पाणी चालतं, चहा नाही. शुगरची सकाळची गोळी रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर घ्यायची, उपाशी पोटी घेऊन लॅबच्या रांगेत बसायचं नाही, साखर एकदम खाली येऊ शकते. डेंगी, चिकुनगुनिया, मोठा ताप येऊन गेला असेल तर महिना-दीड महिना थांबा, कारण आजारपणात कोलेस्टेरॉल खोटंच कमी दिसतं. दर वेळी एकाच लॅबमध्ये जा. आणि त्याच रक्तात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), टीएसएच (थायरॉइड), एसजीपीटी (लिव्हर) आणि क्रिएटिनिन (किडनी) करून घ्या, लघवीत अल्ब्युमिनची (प्रोटीनची) तपासणी सांगा. पाय दुखतात म्हणून सीपीके, ही स्नायूंची तपासणीही करा.

गोळी सोडली त्याला आता किती दिवस झाले? स्टॅटिन (रोसुव्हास्टॅटिन याच जातीची गोळी) बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांत एलडीएल पुन्हा मूळ जागी जातो. वीस दिवसांत मिळवलेलं त्यांनी घालवलं आहे. रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम रोज घेतली तर एलडीएल साधारण ४५ टक्के उतरतो. १२२चे ४५ टक्के गेले की ६७ उरतात, म्हणजे त्यांच्या मर्यादेच्या आत. डॉक्टरांनी १०चा डोस उगाच निवडलेला नाही. तो पुरला नाही तर काही जण स्वतःच दुप्पट घेऊ लागतात. त्यात फायदा थोडा आहे, डोस दुप्पट केल्यावर एलडीएल फक्त सहाएक टक्के आणखी उतरतो. त्यापेक्षा एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडली तर आणखी वीसेक टक्के मिळतात. हे ठरवायचं डॉक्टरांनी, आणि तेही गोळी सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून. ती दुसरी तपासणीच बहुतेक लोक करत नाहीत. मग गोळी पुरते की नाही हे कुणालाच कळत नाही.

पाय दुखण्याची तक्रार खोटी समजू नका. स्टॅटिननं स्नायू दुखू शकतात. ते दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना सारखं, मांड्या, पोटऱ्या, कंबरेच्या बाजूला, पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतं. पण जॉबर बारा-बारा तास मागांमधून उभ्यानं फिरत असतो. शुगरमुळे पायांच्या नसांचा त्रास असेल तर तळवे आग-आग होतात, मुंग्या येतात, रात्री जास्त होतं. थायरॉइड कमी असेल तरी अंग दुखतं, आणि अशा माणसाला स्टॅटिनचा त्रासही जास्त होतो. म्हणून वर टीएसएच लिहिलं. त्यांनी डॉक्टरांना नेमकं सांगावं : कुठं दुखतं, कधी सुरू झालं, गोळी सोडल्यावर किती दिवसांत थांबलं. थांबलंच नसेल तर दोष गोळीचा नव्हताच. थांबलं असेल तर डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, दिवसाआड देता येतं. रस्ते बरेच आहेत. मुकाट्यानं गोळी ड्रॉवरमध्ये टाकून देणं हा त्यातला नाही. मात्र अंगातली ताकद गेल्यासारखी वाटली आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. असं फार क्वचित होतं, पण माहीत असावं.

दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गोळी बहुधा कायम घ्यावी लागते. पण ती शरीराला सवय लावते म्हणून नव्हे. लिव्हर रोज कोलेस्टेरॉल बनवतं, गोळी ते काम कमी करते. गोळी थांबली की लिव्हर पुन्हा पहिल्यासारखं बनवू लागतं. बीपीच्या आणि शुगरच्या गोळीचंही तेच आहे, पण तिथं कुणी ‘लागली’ म्हणत नाही. स्टॅटिननं शुगर किंचित वाढू शकते हेही खरं आहे. त्यांच्यासारख्या माणसात अटॅक टळण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा असतो.

आता ताटाकडे येऊ. तुम्ही शेंगाचटणी बंद केलीत याचं वाईट वाटलं, कारण ती बंद करायची गरजच नव्हती. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतं. ते फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात नाही. तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेलं असतं त्याला म्हणून काही अर्थ नाही. उखळात कुटता कुटता आपल्या चटणीला जे तेल सुटतं ते दाण्याचंच, आणि त्यात बराचसा भाग हृदयाला चालणाऱ्या स्निग्धांचा असतो. सांभाळायचं ते दोन गोष्टींत. एक, माप : दोन चहाचे चमचे चटणी, मुठीनं नाही, कारण शंभर ग्रॅम दाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. दोन, मीठ : विकतच्या चटणीत ते बरंच असतं, घरी कुटताना निम्मं घाला. ज्वारीची भाकरी, चटणी आणि साय काढलेल्या दुधाचं दही हे जेवण चांगलंच आहे. यजमानांना मात्र भाकऱ्या मोजून, कडक भाकरी असली तरी. ज्वारी झाली म्हणून तिची साखर होत नाही असं नाही. आणि शेंगापोळी म्हणजे गूळ आला, ती त्यांच्यासाठी सणापुरतीच.

एलडीएल वाढवतं ते मुख्यतः संपृक्त स्निग्ध (सॅच्युरेटेड फॅट) आणि ट्रान्स फॅट. ते घरात कुठून येतं बघा. खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमची बिस्किटं, फरसाण. यांत बरेचदा पाम तेल किंवा डालडा असतो. २०२२पासून तेल-डालड्यातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण पाम तेलातलं संपृक्त स्निग्ध राहतंच, आणि एकच तेल दिवसभर तापवत ठेवणारी भजीची कढई काही त्या कायद्यानं सुधारत नाही. घरचं तूप दिवसाला एक चहाचा चमचा चालेल. एक अंडं, बलक धरून, तुम्हाला रोज चाललं तरी हरकत नाही. यजमानांनी आठवड्याला तीन-चार बलकांवर थांबावं. रविवारच्या मटणात भेजा नको, चरबी काढून टाका आणि रश्शावरचा कट काढून बाजूला ठेवा. तेलाचा हिशेब चमच्यानं होत नाही, महिन्यावर करा : माणशी अर्धा लिटर. चौघांचं घर असेल तर महिन्याला दोन लिटर, आणि पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर बाकी कुठलाही पथ्याचा विचार करण्याआधी तिथं हात घाला.

इसबगोल दोन चमचे, म्हणजे दहाएक ग्रॅम, मोठा ग्लासभर पाण्यातून रोज घेतलं तर एलडीएल आणखी पाच-सात टक्के उतरतो. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा.

यजमानांच्या ट्रायग्लिसराइडचं मूळ तेलात कमी आणि साखरेत जास्त आहे. कारखान्यात दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसत्या चहातून. एचबीए१सी जसं खाली येईल तसं ट्रायग्लिसराइड आपोआप उतरेल, बहुतेकदा वेगळी गोळी लागत नाही. ते ५००च्या वर गेलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. ते दारू घेत असतील तर ती पूर्ण बंद, तिथं तडजोड नाही.

आता तुमचं. १५२ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण घाबरण्यासारखाही नाही. तुमचा एचडीएल ५४ चांगला आहे, बायकांत तो ५०च्या वर असावा. १९०च्या वर असता तर बाकी काही न बघता गोळी दिली असती, कारण एवढा वाढलेला एलडीएल बरेचदा आनुवंशिक असतो. तुमच्यात मला वेगळीच शंका येते : वजन वाढलंय, थकवा आहे, वय ४४. थायरॉइड कमी झालं की एलडीएल चढतो. आधी टीएसएच करा. ते वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड कमी पडतंय, आणि थायरॉइडची गोळी सुरू झाली तर दोन-तीन महिन्यांत एलडीएल पुष्कळदा स्वतःच खाली येतो. पाळी अनियमित होऊ लागली असेल तर त्याचाही हातभार असतो. टीएसएच ठीक निघालं तर वर लिहिलेलं खाणं, तीन ते चार किलो वजन कमी करणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, हे तीन ते सहा महिने करून पुन्हा तपासा. सोलापूरच्या उन्हाळ्यात सिद्धेश्वर तलावावर चालायचं तर सकाळी सातच्या आत उरका. खाण्यापिण्यानं एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरतो, म्हणजे तुम्ही १३०च्या आसपास याल. १००वर आला नाही म्हणून नाउमेद होऊ नका; पुढे गोळी हवी का हे डॉक्टर तुमचं बीपी, शुगर बघून ठरवतील.

यजमानांच्या तंबाखूबद्दल. ओढत नाहीत, नुसती खातात, म्हणून हृदयाला धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. चघळणाऱ्यांतही अटॅकचा धोका साधारण दुपटीला जातो असं अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं आहे. मावाही त्यातच आला. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, समुपदेशक बोलतात. पहिले दहा-बारा दिवस तलफ फार येते, ती पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरती बडीशेप किंवा लवंग खिशात ठेवायला सांगा.

आणि नॉर्मल ईसीजी. तो त्या अर्ध्या मिनिटात हृदयाचे ठोके आणि रक्तपुरवठा कसा आहे एवढं सांगतो. धमनीच्या भिंतीत साठलेला थर त्यात दिसत नाही. तो थर ३०-४० टक्केच असला, ट्रेडमिल टेस्टही नॉर्मल आली, तरी तोच फुटून गुठळी होते आणि अटॅक येतो. स्टॅटिनचा मोठा उपयोग इथं आहे : ते थराला घट्ट करतं, फुटू देत नाही. म्हणून ईसीजी नॉर्मल असताना गोळी घ्यायची असते.

शुगरच्या माणसाला अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. अचानक घाम, दम, जबड्यात किंवा खांद्यात दडपण, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, एकदम गळून जाणं, यातलं काही पाच मिनिटांत थांबलं नाही तर ओवा आणि सोडा देत बसू नका, दुचाकीवर मागं बसवून नेऊ नका. १०८ला फोन करा, दुखणं आणि शुगर आहे हे सांगा, आणि चोवीस तास ईसीजी निघतो अशाच ठिकाणी न्या. घराजवळचं असं हॉस्पिटल कोणतं हे आजच बघून ठेवा.

शेवटचं, दिरांविषयी. सासरे ५५च्या आत गेले, म्हणजे धोका त्यांच्या दोन्ही मुलांना आहे. गोळीवर मत देण्याआधी त्यांनी स्वतःचं बीपी, शुगर आणि लिपिड तपासावं. दोघा भावांनी लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच भिंतीत अडकणारा कण) ही तपासणीही एकदा करावी. ती आयुष्यात एकदाच करायची असते, कारण हा आकडा जन्मतः ठरतो आणि खाण्यापिण्यानं बदलत नाही. तो ५० मिलिग्रॅमच्या वर निघाला तर दोघांचा एलडीएल आणखी खाली ठेवावा लागेल, आणि मग तुमच्या मुलांचीही तपासणी एकदा करून घ्या.